योजनांच्या अटी, मोबाइलमधला सल्लागार आणि आपला सातबारा

शेतीत अवघड काय, असे पूर्वी कोणी विचारले तर पाऊस आणि बाजारभाव ही दोन उत्तरे ठरलेली असत. आता त्यात तिसऱ्याची भर पडली आहे, ती म्हणजे अटी. ठिबक घ्यायचे तर अटी, फळबाग लावायची तर अटी, पीकविमा काढायचा तर अटी, आणि वडील वारल्यावर त्यांच्या जागी आपले नाव लावायचे तरी अटीच. एकेक अट वाचली तर समजते. पण दहा अटी एकत्र आल्या की कोणती आधी आणि कोणती नंतर, हे भल्याभल्यांना उमगत नाही. पदवी घेतलेला मुलगा घरात असला तरी तोही डोके खाजवत बसतो.

या अटींच्या जंगलातून वाट दाखवायला आता मोबाइलमधला सल्लागार आला आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम-किसान योजनेसाठी 'किसान ई-मित्र' नावाचा बोलका मदतनीस सुरू केला. प्रश्न विचारा, तो उत्तर देतो, आणि मराठीतही देतो. आपल्या राज्याच्या कृषी विभागाने २०२५ च्या खरिपाच्या तोंडावर 'महाविस्तार' हे ॲप आणले. हवामान, पीक सल्ला, कीड-रोग, बाजारभाव आणि योजना हे सगळे त्यात एका ठिकाणी मराठीतून विचारता येते. पाठोपाठ १७ जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने २०२५ ते २०२९ या काळासाठी 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. याखेरीज खासगी कंपन्यांचे बोलके मदतनीस आहेत, ते तर गावातल्या प्रत्येक तरुणाच्या हातात आहेत.

म्हणजे ही गोष्ट आता दारात आली आहे. 'असलं काही आपल्याला नको' म्हणून भागणार नाही, आणि 'यंत्र म्हणालं म्हणजे झालं' असे म्हणूनही चालणार नाही. हा सल्लागार कोणत्या कामाचा, कुठे घसरतो आणि त्याच्याकडून काम कसे करून घ्यावे, याचा विचार आपण या लेखात करू.

गाठ कुठे बसली आहे?

एका शेतकऱ्याची माहिती आज किती ठिकाणी असते ते मोजून पाहा. जमिनीचा सातबारा आणि आठ-अ महसूल खात्याकडे. पिकाची नोंद ई-पीक पाहणीत. ती १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची आहे. आधार वेगळे, बँकेचे खाते वेगळे आणि ते आधारशी जोडलेले आहे की नाही हा आणखी वेगळा प्रश्न. कृषी योजनांचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. त्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. हे सारे धागे एका नावाने, एका स्पेलिंगने आणि एका क्षेत्राने जुळले तर पैसे खात्यात येतात. एक धागा सुटला की अर्ज अडकतो, आणि तो का अडकला हे पडद्यावर दोन शब्दांत लिहिलेले असते. त्या दोन शब्दांचा अर्थ लावायला माणूस लागतो.

वराळ्यासारख्या गावात ही गाठ जास्तच घट्ट आहे. एका बाजूला तळेगाव, पलीकडे आंबी-नवलाख उंबऱ्याची औद्योगिक वसाहत, आणि मध्ये इंद्रायणीकाठची भातखाचरे. घरातला एक मुलगा कंपनीत, एक शेतावर, बहीण लग्न होऊन गेलेली, आणि जमीन अजून आजोबांच्या नावावर. खात्यावर पाच-सात नावे, त्यातली दोन हयात नसलेली. थोडी जमीन विकली, थोडी वाटली, पण कागदावर वाटणी झालेली नाही. अशा घरासाठी 'तुम्ही पात्र आहात का?' या साध्या प्रश्नालाही साधे उत्तर नसते.

पीएम-किसानचेच उदाहरण घेऊ. पुष्कळ जण विचारतात, "पोरगा कंपनीत आहे, टॅक्स भरतो, मग माझा हप्ता बंद होणार का?" योजनेच्या नियमात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अज्ञान मुले. मुलगा सज्ञान असेल तर तो नियमाच्या भाषेत वेगळे कुटुंब झाला. त्याने आयकर भरला म्हणून वडिलांचा हक्क जात नाही. मात्र पत्नीने मागील आकारणी वर्षात आयकर भरला असेल तर ते कुटुंब वगळले जाते. निवृत्तिवेतन महिना १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तरीही वगळले जाते; चतुर्थ श्रेणीतून निवृत्त झालेल्यांना त्यातून सूट आहे. आणि जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आली असेल तर ती वारसाने आली का खरेदीने, यावर सगळे अवलंबून. बघा, एका प्रश्नाच्या पोटात किमान चार प्रश्न निघाले.

चांगला सल्लागार तो, जो उत्तर देण्याआधी हे चार प्रश्न विचारतो. माणूस असो वा यंत्र, कसोटी हीच.

यंत्र दोन जातींचे

मोबाइलमधले सल्लागार वरून सारखे दिसतात, पण आतून दोन जातींचे आहेत. हा फरक कळला की निम्मे काम झाले.

पहिली जात अटींच्या फांद्यांवर चालणारी. क्षेत्र किती? दोन हेक्टरच्या आत का बाहेर? आत असेल तर या फांदीवर जा, बाहेर असेल तर त्या. फांद्या माणसाने आधीच लिहून ठेवलेल्या असतात. हे यंत्र गप्पा मारत नाही, पण त्याच माहितीला दर वेळी तेच उत्तर देते. चुकले तर कुठली फांदी चुकली ते शोधता येते. महाडीबीटीवर अर्ज भरताना काही रकाने आपोआप बंद होतात, ते याच जातीचे काम.

दुसरी जात भाषा शिकलेल्या यंत्राची. लाखो कागद वाचून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो याचा अंदाज त्याने बांधलेला असतो. आपण कसेही विचारा, मोडक्या मराठीत विचारा, ते समजून घेते आणि छान सांगते. हाच त्याचा गुण आणि हाच धोका. माहीत नसलेली गोष्टही ते तितक्याच आत्मविश्वासाने सांगते. गावात असा एखादा माणूस असतोच, ज्याला 'ठाऊक नाही' म्हणता येत नाही. त्याचा सल्ला आपण ऐकतो, पण पैसे गुंतवण्याआधी दुसऱ्याला विचारतो. या यंत्राशीही तसेच वागावे.

सरकारी मदतनीस बहुधा दोन्ही जातींचे मिश्रण असतात. बोलण्यासाठी भाषेचे यंत्र आणि माहितीसाठी खात्याचे कागद. त्यामुळे ते मोकळ्या मदतनिसापेक्षा भरवशाचे ठरतात. तरीही त्यांना दिलेले कागद किती ताजे आहेत, हा प्रश्न उरतोच.

उपयोग कुठे होतो?

आधी चांगले सांगतो, कारण ते खरे आहे. यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग क्रम लावण्यासाठी होतो. आपल्याकडे पैसे बुडतात ते बहुतेक क्रम चुकल्यामुळे. ठिबकच्या अनुदानात पूर्वसंमती आधी आणि खरेदी नंतर, हा साधा नियम आहे. पण पाणी देण्याची घाई असते, दुकानदार म्हणतो "घेऊन जा, अर्ज मागनं करू," आणि बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची पडते. मग अनुदान गेले ते गेलेच. यंत्राला नीट विचारले तर ते पायऱ्या क्रमाने मांडून देते. सातबारा अद्ययावत करणे, शेतकरी ओळख क्रमांक, बँक खात्याला आधार जोडणे, अर्ज, कागदपत्रे, पूर्वसंमती, खरेदी, बिल चढवणे, मोका तपासणी आणि शेवटी अनुदान. ही यादी छापून भिंतीला लावली तरी वर्षभराचा त्रास वाचेल.

दुसरा उपयोग हिशेबाचा. अनुदानाची टक्केवारी ऐकून माणूस खूश होतो, पण ती टक्केवारी कशाची ते पाहत नाही. केंद्राच्या सूक्ष्म सिंचन योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के. राज्याच्या पूरक अनुदानासह ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जाते. हे टक्के मान्य खर्चाचे असतात, दुकानदाराच्या बिलाचे नव्हेत. हिशेब समजावा म्हणून आकडे धरू. मान्य खर्च १,००,००० रुपये आणि बिल १,३०,००० रुपये झाले. अल्पभूधारकाला ८०,००० मिळतील, पदरचे ५०,००० जातील. शिवाय अनुदान नंतर येते, म्हणून सुरुवातीला सगळी रक्कम उभी करावी लागते. ती सोसायटीतून उचलायची तर व्याज किती, भात विकल्यावर फिटेल का, हा हिशेब यंत्र दोन मिनिटांत मांडून देते. मात्र तो विचारावा लागतो. आपण फक्त 'अनुदान किती?' असे विचारले तर ते तेवढेच सांगते.

तिसरा उपयोग वेळेचा. २०२५ पासून महाडीबीटीवरच्या कृषी योजनांत सोडत बंद होऊन 'प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य' ही पद्धत आली. पूर्वी उशीर झाला तरी नशिबावर सोडता येत होते. आता कागद आधी तयार असलेला पुढे जातो. भात लावणीच्या धांदलीत अर्ज भरायला बसणारा मागे पडतो. कोणता कागद कोणत्या महिन्यात तयार ठेवायचा, याचे वेळापत्रक यंत्राकडून करून घेणे शहाणपणाचे आहे.

यंत्र कुठे अडखळते?

पहिली अडचण शिळ्या नियमांची. नियम बदलतात आणि जुने कागद यंत्राच्या पोटात तसेच राहतात. पीकविम्यात हे ठळकपणे दिसते. २०२३ च्या खरिपापासून आपल्या राज्यात एक रुपयात विमा होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली आणि शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५ टक्के आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत आला. विमा संरक्षित रक्कम ५०,००० धरली तर खरिपाला एक हजार रुपये भरावे लागतात. एवढ्यावर थांबले नाही. स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान, पेरणीच न होणे आणि हंगामातली प्रतिकूल परिस्थिती ही चार संरक्षणे त्या वर्षी राज्यात वगळली गेली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या उत्पन्नावर ठरू लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा हा फरक चव्हाट्यावर आला.

आता भाताच्या खाचरात पाणी तुंबले आणि कोणी यंत्राला विचारले, तर जुने कागद वाचलेले यंत्र सांगेल, '७२ तासांत कळवा, पंचनामा होईल, भरपाई मिळेल.' २०२५ च्या खरिपात हा सल्ला चुकीचा ठरला असता. बरे, गोष्ट तिथेही संपत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केले की २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान आणि भात पाण्याखाली जाणे या दोन बाबी विम्यात घेता येतील, आणि त्यात पुन्हा ७२ तासांत फोटोसह कळवण्याची अट आली. भात पाण्याखाली जाण्याचे संरक्षण २०१८ मध्ये काढून टाकले होते, ते परत आले. मावळच्या भातकऱ्याला ही दोन्ही कलमे जिव्हाळ्याची आहेत. नदीकाठी पाणी आणि डोंगरकडेला रानडुक्कर, दोघांचाही त्रास आपल्याला पाठ आहे. पण केंद्राने दार उघडले म्हणजे आपल्या जिल्ह्यात, आपल्या पिकाला ते लागू झाले असे होत नाही. त्यासाठी त्या हंगामाचा राज्याचा शासन निर्णय पाहावा लागतो. तीन वर्षांत तीन वेगवेगळी उत्तरे बरोबर होती, हे लक्षात ठेवा. यंत्राला वर्ष आणि हंगाम न सांगता विचाराल तर त्यातले कोणते उत्तर हाती पडेल याचा नेम नाही.

रोजगार हमीचेही तसेच. शंभर दिवसांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला आणि त्यात १२५ दिवस धरले. जुनी पुस्तके वाचलेले यंत्र जुनेच सांगत राहणार.

दुसरी अडचण आपल्या कागदांची. यंत्राला नियम माहीत असला तरी आपल्या सातबाऱ्यावरची खरी परिस्थिती माहीत नसते. 'माझी दोन एकर जमीन आहे' असे आपण सांगतो. त्यात वरकस किती, पोटखराबा किती, सामाईक खात्यात आपला हिस्सा किती आणि तो नोंदलेला आहे का, हे आपण सांगत नाही आणि ते विचारत नाही. एककाची गफलत वेगळीच. आपण एकर-गुंठ्यांत बोलतो, सातबारा हेक्टर-आर मध्ये बोलतो. सातबाऱ्यावरचे ०.४० म्हणजे चाळीस आर, साधारण एक एकर. ते चार गुंठे समजून कोणी यंत्राला सांगितले तर पुढचा सगळा हिशेब वाया.

वारसाची नोंद राहिली असेल तर कोणताही सल्लागार पुढे नेऊ शकत नाही. म्हणूनच राज्याने एप्रिल २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम राबवली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी. त्या मोहिमेत ज्यांचे राहिले त्यांनी ई-हक्क प्रणालीवरून किंवा थेट सजावर जाऊन अर्ज करावा. नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, तेव्हा हे काम हंगामाच्या तोंडावर काढू नये. सामाईक खात्याची सरकारी वाटणी करायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे, म्हणजे वडगावला, अर्ज करावा लागतो. यंत्र हे कलम सांगेल, अर्जाचा मसुदाही लिहून देईल. पण भावाची आणि बहिणीची संमती मिळवायला आपल्यालाच ओसरीवर बसावे लागते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, ती जबाबदारीची. यंत्राने चुकीचे सांगितले आणि आपण त्यावर पैसे घातले, तर भरून कोण देणार? बाहेरच्या देशांत हा प्रश्न आधीच उभा राहिला. न्यूयॉर्क महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये दुकानदार-व्यावसायिकांसाठी असाच मदतनीस सुरू केला होता. मार्च २०२४ मध्ये पत्रकारांनी तपासले तर तो कायद्याच्या उलट सल्ले देत असल्याचे उघड झाले. कामगारांना मिळालेल्या बक्षिशीत मालकाने वाटा घेतला तरी चालेल, असेही तो सांगत होता. मालकाने ते ऐकले असते तर कायदा मोडल्याचा ठपका मालकावर आला असता.

कॅनडात वेगळे घडले. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या मदतनिसाने एका प्रवाशाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. कंपनीने हात झटकले. मदतनीस स्वतंत्र आहे, त्याच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही, असा बचाव केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि प्रवाशाला पैसे द्यायला लावले. कंपनीच्या संकेतस्थळावरचे शब्द हे कंपनीचेच शब्द, मग ते पानावर लिहिलेले असोत की यंत्राने बोललेले, असा त्या निकालाचा अर्थ.

आपल्याकडेही हाच न्याय लागू झाला पाहिजे. सरकारी ॲपने दिलेले उत्तर हे खात्याचे उत्तर मानायचे की नाही, हे खात्याने स्पष्ट लिहून द्यावे. मानायचे असेल तर उत्तराखाली तारीख, शासन निर्णयाचा क्रमांक आणि चूक झाल्यास दाद मागायची जागा छापावी. मानायचे नसेल तर तेही ठळक अक्षरांत सांगावे, म्हणजे शेतकरी त्या भरवशावर कर्ज काढणार नाही.

मग माणूस कशाला?

काही जण म्हणतील, एवढी कटकट कशाला, सेवा केंद्रातला पोरगा सगळं भरून देतो. देतो, आणि त्याचे उपकारच आहेत. पण त्याला पैसे अर्जामागे मिळतात. 'तुमच्यासाठी ही योजना सोयीची नाही, भरू नका' असे त्याने सांगावे अशी अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे. आम्हा विस्तार कर्मचाऱ्यांकडे गावे जास्त आणि दिवस कमी. दूरध्वनीवरचे किसान कॉल सेंटर २००४ पासून आहे, तेही चांगले काम करते, पण आपला सातबारा त्यांच्यासमोर नसतो. त्याआधी १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातल्या सत्तर गावांत संगणक बसवून शेतकऱ्याला माहिती देण्याचा प्रयोग झाला होता. म्हणजे यंत्राने शेतकऱ्याला मदत करावी हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. फक्त तेव्हा संगणकाजवळ जावे लागे, आता तो खिशात आहे.

यंत्र आले म्हणून माणसाचे काम संपत नाही, ते बदलते. यादी काढणे, क्रम लावणे, बेरीज-वजाबाकी हे यंत्राने करावे. सातबारा, यादी आणि प्रत्यक्ष रान यांची सांगड माणसाने घालावी. तलाठी भाऊसाहेबांचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवकांचे ग्रामपंचायत अधिकारी झाले आणि कृषी सहायकांचे सहायक कृषी अधिकारी झाले. नावे बदलली तरी सही त्यांचीच लागते, आणि जबाबदारी सहीमागे असते.

विचारायची रीत

यंत्राला विचारताना पाच गोष्टी पाळा.

एक, सातबारा आणि आठ-अ समोर ठेवून बसा. आठवणीतून क्षेत्र सांगू नका. हेक्टर-आर जसे छापले आहे तसे सांगा.

दोन, जिल्हा, तालुका, पीक, हंगाम आणि वर्ष प्रश्नातच घाला. 'पीकविमा मिळेल का?' असे न विचारता 'पुणे जिल्हा, मावळ तालुका, भात, अमुक वर्षाचा खरीप, पाणी तुंबून नुकसान, आज कोणता नियम लागू आहे आणि तो कोणत्या शासन निर्णयात आहे?' असे विचारा.

तीन, उत्तर आल्यावर उलट प्रश्न करा: 'मी कोणत्या कारणाने अपात्र ठरू शकतो?' पात्रतेचे उत्तर गोड असते. पैसा वाचतो तो अपात्रतेच्या उत्तरामुळे.

चार, शासन निर्णयाचा क्रमांक दिला तर तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर खरोखर सापडतो का ते पाहा किंवा मुलांना पाहायला सांगा. यंत्र कधी कधी नसलेला क्रमांकही तयार करून देते. सापडला नाही तर तो सल्ला बाजूला ठेवा.

पाच, आधार क्रमांक, बँक खाते, ओटीपी यातले काहीही गप्पांच्या यंत्राला देऊ नका. सल्ल्यासाठी त्यांची गरज नसते. व्हॉट्सॲपवर पीएम-किसानच्या नावाने येणारी फाइल उघडू नका. ॲप घ्यायचे तर अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. खाते रिकामे झाल्यावर तक्रार करण्यापेक्षा आधी एक फोन केलेला बरा.

गावाने काय करावे?

ग्रामपंचायतीला विनंती अशी की, प्रत्येक हंगामाआधी एक दिवस ठरवावा. त्या दिवशी ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि सोसायटीचे सचिव एकत्र बसावेत. गावातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी मोबाइलवर प्रश्न विचारावेत, आलेली उत्तरे मोठ्याने वाचावीत आणि जाणकारांनी तिथल्या तिथे बरोबर-चूक सांगावे. चुकलेली उत्तरे लिहून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावीत. यंत्र सुधारायचे तर त्याची चूक कोणीतरी कळवली पाहिजे. आणि हंगामाच्या अटी, तारखा व लागणारे कागद यांचा एक पानी तक्ता चावडीवर आणि दूध डेअरीवर लावावा. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांनाही तो वाचता येईल.

या बैठकीत दोघांची आठवण जरूर ठेवा. एक म्हणजे वाट्याने किंवा खंडाने कसणारा, ज्याच्या नावावर सातबारा नाही. दुसरी म्हणजे राबणारी पण सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई. यंत्राला विचारले तर ते या दोघांना एका ओळीत 'अपात्र' म्हणून मोकळे होईल, आणि कागदाप्रमाणे बहुतेक वेळा ते बरोबरही असेल. पण कागद बदलता येतो का, नाव लावता येते का, भाडेपट्टा लेखी करता येतो का, हा पुढचा प्रश्न माणसानेच विचारायचा असतो. तो विचारला गेला नाही, तर यंत्र जितके हुशार होईल तितके हे दोघे आणखी मागे पडतील.

सरकारकडेही एक मागणी करायला हवी. शासन निर्णय काढतानाच त्याच्या अटी यंत्राला वाचता येतील अशा साध्या, क्रमांकित स्वरूपात जाहीर कराव्यात. जुना निर्णय रद्द झाला तर त्यावर तसा शिक्का मारावा. आज जुना आणि नवा निर्णय शेजारी-शेजारी पडलेला असतो. त्यात माणूस गोंधळतो, मग यंत्राचे काय? अटी सोप्या केल्या तर अर्धे सल्लागार लागणारच नाहीत, हे तर आहेच.

मावळाला नवे तंत्र स्वीकारायचे वावडे नाही. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये इंद्रायणी वाण आले तेव्हा शेतकऱ्याने ते आधी एका खाचरात लावून पाहिले, तांदूळ शिजवून पाहिला, आणि मग आपलासा केला. मोबाइलमधल्या सल्लागारालाही हीच रीत लावा. आधी लहान, कमी पैशाच्या कामावर पारखा. उत्तर कागदाशी ताडून पाहा. दोन-चार वेळा खरे ठरले तर पुढच्या कामाला लावा. मात्र बिल फाडण्याआधी पूर्वसंमतीचा कागद हातात आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. ते काम कोणावरही सोपवू नका, यंत्रावर नाही आणि आमच्यावरही नाही.